सुमेधनगरची खुली जागा

सुमेधनगरच्या मधोमध एक मैदान आहे आणि त्याला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत छेदून जाणारी एक पाऊलवाट आहे. ती कुणी आखलेली नाही. शाळेची पोरं, भाजीला निघालेल्या बाया, ऑटो गाठायला धावणारे कारकून, शेजारच्या नालबंद गल्लीतली माणसं, अशा सगळ्यांनी मिळून ती पायांनी पाडलेली आहे. नांदेडच्या माणसाला वळसा घालून जा म्हणावं, तर तो तुमच्याकडं असा बघतो, की जसं काही तुम्ही त्याला हैदराबादवरून यायला सांगितलंय. अशा गावात एक बाई वर्षानुवर्षं त्या मैदानाला वळसा घालून ये-जा करीत होत्या. हातात जड पिशवी असो, डोक्यावर ऊन असो, गुडघे कुरकुरत असोत, पंचशीलाबाई सोनकांबळे सडकेनंच जायच्या.

आणि ते मैदान राखलं होतं त्यांच्याच नवऱ्यानं.

आनंदराज सोनकांबळे नगररचना खात्यात होते. गाव त्यांना 'साहेब' म्हणायचं, आणि चारचौघांत पंचशीलाबाईही तेच म्हणायच्या. शहराचा विकास आराखडा म्हणजे काय, हे बहुतेकांना आपलं घर त्यात सापडतं तेव्हाच कळतं. त्यामुळे साहेबांना ओळखणारे पुष्कळ आणि साहेब आवडणारे थोडे. जन्म नांदेडचा, शिक्षण नांदेडचं, आणि पुण्याला बढतीवर जायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ इथल्या नाल्यांचा उतार अजून नीट लागला नाही म्हणून राहिला. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरदेव बघायच्या आधी मांडवामागं जाऊन पाणी कुठं निघतं ते बघायचे. पाहुण्यांना वाटायचं, साहेब हात धुवायला गेलेत.

नव्या वसाहतीत कायद्यानं काही जागा मोकळी सोडावी लागते. ले-आउट पाडणारे लोक ती कुठं सोडतात, तर नाल्याकाठचा जो वेडावाकडा तुकडा कुणी विकत घेत नाही, तिथं. सुमेधनगरच्या वेळी साहेब अडून बसले. जागा मध्यभागी सोडा, चारी बाजूंनी माणसाला चालत येता आलं पाहिजे. सोडावी लागली. पुढं त्याच वसाहतीत त्यांनी कर्ज काढून घर बांधलं आणि मग आयुष्यभर त्या जागेची राखण केली. पोरं तिला ग्राउंड म्हणत, बाया मैदान म्हणत. 'खुली जागा' म्हणणारे एकटे साहेब.

गेल्या महिन्यात ते सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले.

दुखवट्याला माणूस ओसरत नव्हता. लोह्याहून आले, हिमायतनगरहून आले, ज्यांची वाढीव बांधकामं साहेबांनी पाडायला लावली होती तेही आले आणि खाली मान घालून बसले. पंचशीलाबाई भिंतीला टेकून सगळ्यांचं ऐकत होत्या. रडून झालं होतं. तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेली बाई, रडणंही त्यांनी वेळापत्रकात बसवल्यासारखं उरकलं, असं बघणाऱ्याला वाटलं असेल. खरं तसं नव्हतं. रोज चहाच्या वेळी त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसायच्या.

अश्वजित आला तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. वस्तीचा नगरसेवक, तरुण, कामाला वाघ, आणि साहेबांच्या घरात पाणी पिऊन लहानाचा मोठा झालेला.

"काकू, वस्तीनं ठरवलंय," तो म्हणाला. "साहेबांच्या नावानं विहार बांधायचं. मैदानात. निधी मी आणतो. जलदानविधीच्या दिवशीच कोनशिला बसवू, तुमच्या हातानं. फक्त तुम्ही हो म्हणा."

कोपऱ्यात रेणुकाबाई बसल्या होत्या. महिला मंडळाच्या सगळ्यात जुन्या, केस पांढरेशुभ्र. त्यांचे डोळे पंचशीलाबाईंवर होते.

"हो," पंचशीलाबाई म्हणाल्या.

विचार करायला वेळ लागलाच नाही. कारण हे विहार त्यांना हवं होतं. वस्तीतल्या कुणाहीपेक्षा जास्त हवं होतं.

मुलगा धम्मदीप शाळेत जात होता त्या काळातली गोष्ट. सुमेधनगरात विहार नव्हतं. पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. बाया दाटीवाटीनं बसायच्या, म्हाताऱ्या दारातच थांबायच्या. त्या वर्षी रेणुकाबाई आणि पंचशीलाबाई दोघी घरोघर फिरल्या, वर्गणी उभी केली, बुद्धाची मूर्ती आणली. मैदानात कडुलिंबाच्या झाडाजवळ पाया खणायला घेतला. आणि पाया गुडघाभर झाला तेव्हा काम थांबवायची नोटीस आली. ती साहेबांनीच काढायला लावली होती.

समाजाचा माणूस समाजाच्या मुळावर उठला, असं लोक उघड बोलले. कुणी घरी येईना. पंचशीलाबाईंनी नवऱ्याला तोंडावर विचारलं.

"खुल्या जागेवर न्हाई बांधता येत," ते म्हणाले. "सभागृहासाठी मी पाण्याच्या टाकीजवळ आरक्षण टाकलंय. तिथं बांधा. मी स्वतः उभा राहतो."

"टाकीजवळची जागा वादात हाय. ती मिळायला जन्म जाईल. आम्ही तवर काय करायचं?"

"मैदान भरलं तर परत रिकामं होत न्हाई, पंचशीला."

"तुम्हाला जागा दिसते," त्या म्हणाल्या. "माणसं दिसत न्हाईत."

खणलेला पाया बुजवला गेला. मूर्ती रेणुकाबाईंच्या पुढच्या खोलीत गेली ती अजून तिथंच आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून पंचशीलाबाईंनी त्या मैदानात पाऊल टाकलं नाही. नवऱ्याशी बोलल्या, त्याला वेळेवर जेवायला वाढलं, त्याच्या आजारपणात उशाशी बसल्या. पण बाजारातून येताना मैदानाच्या कडेला आलं की त्या डावीकडं वळायच्या. साहेबांच्या ते लक्षात आलं असणारच. गावभर कुणाचं दार किती पुढं आलंय ते ज्याला चालता चालता दिसायचं, त्याला बायकोचा वळसा दिसणार नाही? काही दिवसांनी त्या वळशाच्या सडकेवरच्या उघड्या नालीवर फरशा पडल्या आणि कोपऱ्यावर दिवा लागला. त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. संसार चालू राहिला.

आता अडवणाराच गेला होता, आणि विहार त्याच्याच नावानं होणार होतं. हे बरोबर नाही असं एकदा मनात येऊन गेलं. पण मनाला गप्प बसवणं शिक्षिकेला जमतं.

धम्मदीप लातूरला कॉलेजात शिकवतो. तो सुट्टी टाकून आला तो पुढच्या तयारीतच शिरला. काळ्या दगडाची कोनशिला कोरून आली, त्यावर ठळक अक्षरं: 'आनंदराज सोनकांबळे स्मृती विहार'. ती निळ्या कापडात गुंडाळून व्हरांड्यात ठेवली होती. धम्मदीप येता-जाता कापड बाजूला करून बघायचा.

"आई, या गावात नालीच्या झाकणाचं उद्घाटन केलेल्याचंही नाव दगडावर हाय," तो एकदा म्हणाला. "पप्पांचं कुठंच न्हाई. शाळेत पोरं मला म्हणायची, तुझा बाप घरं पाडतो. मला एकदा त्यांचं नाव असं बघायचं होतं."

पंचशीलाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

जलदानाच्या आदल्या दुपारी बेगमबी आली. नालबंद गल्लीतली जुनी शेजारीण, तिचा नवरा हनीफ मंडप-बिछायतीचं काम करतो. उद्याचा मंडप त्याचाच होता. कामगार खांब उतरवत होते आणि बेगमबी डब्यात खिचडी-खट्टा घेऊन आली होती. दुखवट्यात घरच्या बाईनं चूल बघू नये म्हणून साहेब गेल्यापासून ती रोज काही ना काही आणतच होती.

"खाऊन घ्या बाई, गरम हाय." ती शेजारी बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पत्थर आला म्हणे."

"हाव, आला."

"चांगलं झालं. साबचं नाव राहील." पुन्हा थांबली. "बाई, एक बात बोलते. बुरा मानू नका. उद्या तुम्हाला दुसऱ्याकडून कळंल, मग म्हणाल, बेगमबीनं इतकं मीठ खाल्लं आन सांगितलं न्हाई."

"बोल की."

"आमच्या गल्लीतले लोक बसून राहिले चार दिवसापास्नं. तुमचं काम सुरू झालं की नालीकडच्या बाजूला शादीखान्याचा पाया टाकायचा म्हणतेत. आमचे हे बी त्यात हायेत. पलीकडचे ले-आउटवाले मंदिराचं बोलून राहिले. मैदान काय, वाटून जाईल."

पंचशीलाबाईंचा घास हातातच राहिला. "शादीखाना? आजवर तर कधी ऐकलं न्हाई."

"लई जुनं हाय. आमच्या पोरीच्या, जेबाच्या शादीच्या आधीचं. आमचे मर्द लोक साबला भेटायला गेलते तवा. चहाच्या दुकानावर, घरी न्हाई की कचेरीत न्हाई. हे बी होते. साबनं चहा पाजला सगळ्यांना. मग बोलले, भाई, मी घरात माझ्या बायकोला न्हाई म्हणून आलोय. तिला न्हाई म्हणलं आन तुम्हाला हो म्हणलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू?" बेगमबी जरा हसली. "त्याच्यावर कोण काय बोलणार, बाई? उठून आले गुपचूप. मंदिरवाल्यांना बी त्यांनी हेच सांगितलं म्हणे. पुढं जेबाचा मंडप त्याच मैदानात लागला."

बाहेर कामगारांनी खांब टाकले, त्याचा आवाज झाला.

"आता तुम्हीच बांधून राहिले," बेगमबी म्हणाली. "तर आमच्या लोकांना बी कोण अडवणार? मी भांडत न्हाई बाई. फक्त सांगून ठेवते."

ती डबा तिथंच सोडून गेली. पंचशीलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. आपल्याला मिळालेल्या त्या नकाराचा त्यांनी आजवर एकच अर्थ लावला होता, की या माणसाच्या हिशेबी आपलं काही चालत नाही. आणि हा माणूस तोच नकार पुढं करून सगळ्या गावाला थोपवत होता. बायकोला नाही म्हणालो, याहून मोठं त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि रागही आला. हे मला सांगायला काय झालं होतं, असं त्या साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून पुटपुटल्या.

मग एक जुनी आठवण आली, तशी ती अधूनमधून यायचीच. लग्न नवं होतं, साहेबांची नोकरी लातूरला, भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड. किल्लारीचा भूकंप झाला आणि कचेरीतून त्यांना पडलेल्या गावांकडं पाठवलं. बऱ्याच दिवसांनी परतले ते दाढी वाढलेले, कपड्यांना वास. अंघोळ केली, जेवले नाहीत. त्या गावांबद्दल त्यांनी जे काही सांगितलं ते तेवढ्यापुरतंच, पुन्हा कधी नाही. "माणसं घराबाहेर आली होती, पंचशीला," ते म्हणाले होते. "दारातून बाहेर आली होती. पण बाहेर जागाच नव्हती. समोरची भिंत अंगावर आली." म्हणजे मैदानाचं कारण पंचशीलाबाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या रागावल्या होत्या, कारण ठाऊक असण्यानं राग जात नाही.

आणि मागच्या वर्षीची ती सकाळ. जमीन हलली. फार नाही, मांडणीवरची भांडी वाजण्याइतकी. पण अख्खं सुमेधनगर आणि नालबंद गल्ली ज्या कपड्यांत होती त्या कपड्यांत मैदानात पळाली. साहेब खांद्यावर चादर टाकून लिंबाजवळ उभे होते आणि चारी बाजूंनी येणाऱ्या माणसांकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की कुणालाही वाटावं, भूकंप यांनीच बोलावलाय. पंचशीलाबाई घरातून निघाल्या आणि फाटकाशी आल्या. पुढं मैदान होतं. त्या फाटकातच थांबल्या, वरच्या छज्ज्याखाली.

"इकडं ये," साहेबांनी हाक मारली. "छज्ज्याखाली थांबू नको."

त्या हलल्या नाहीत. जमीन पुन्हा एकदा हलकीशी थरथरली. सगळी वस्ती बघत होती.

तेव्हा साहेब मैदानातून निघाले, सडक ओलांडली आणि त्यांच्या शेजारी येऊन छज्ज्याखाली उभे राहिले. चादरीचं एक टोक त्यांनी बाईंच्या खांद्यावर टाकलं. कुठं उभं राहू नये हे साऱ्या गावात ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं, तो तिथं उभा राहिला. थोड्या वेळानं लोक घरोघर गेले आणि बाई चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवशीही त्या त्यांना काही बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी त्यांनी धम्मदीपला हाक मारली. तो व्हरांड्यात दगडाची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसत होता. त्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि चहा घेतोस का, एवढंच विचारून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडप मैदानात उभा राहिला. सडक अडवून मंडप टाकणं साहेबांना खपायचं नाही, हे हनीफला पक्कं माहीत होतं. पंचशीलाबाई सडकेच्या बाजूनं आल्या. पायाखाली सतरंजी होती, त्यामुळे त्यांनी ते मैदान धरलं नाही. बाईंचा हट्ट शोकातही नियम सांभाळून होता.

माणसं मावेनात. लातूरहूनही गाडी आली होती. भन्तेंनी त्रिसरण-पंचशील दिलं. मग जलदान झालं: पंचशीलाबाई आणि धम्मदीप दोघांनी मिळून एक लोटा धरला, भन्ते गाथा म्हणत होते आणि लोट्याची बारीक धार खालच्या काशाच्या वाटग्यात पडत होती. वाटगं भरलं, काठावरून पाणी परातीत सांडलं, तरी धार चालूच.

नंतर लोक बोलायला उठले. लातूरकडच्या, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावातून शिवमूर्ती नावाचे म्हातारे गृहस्थ आले होते. कपाळाला भस्म, अंगात खादीची बाराबंदी. माइक त्यांनी हातात धरलाच नाही, तसेच मोठ्यानं बोलले.

"ह्या सायबाला आम्ही लई शिव्या दिल्या. आमचं नवं गाव आखलं तवा एवढाले रस्ते सोडले, की शेजाऱ्याला हाक मारायची तर घसा बसायचा. आमचं पयलं गाव कसं, हितं शिंकलं की तिथं कुणीतरी शिवशिव म्हणायचं. मी त्यांना म्हणलो, सायेब, तुम्ही गाव मोडलं. ते म्हणले, हाव, मोडलं, पर आता अंगावर पडायचं न्हाई. अजून बी मला ते रस्ते आवडत न्हाईत. पर माझे नातू त्या रस्त्यात खेळतेत, आन मी बिनघोर झोपतो. तेवढं सांगायला आलो."

ते खाली बसले.

मग अश्वजितनं माइक घेतला. साहेबांच्या नावाचं विहार, निधी, वर्षभरात काम, सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. निळ्या कापडातला दगड पुढं एका टेबलावर उभा केला होता. "आता काकूंच्या हस्ते," तो म्हणाला.

पंचशीलाबाई उठल्या. पहिल्या रांगेत रेणुकाबाई होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्या लपवत नव्हत्या. कडेला हनीफ आपल्या खांबाला टेकून उभा होता. धम्मदीपनं कापडाची गाठ सैल करून ठेवली होती.

बाईंनी कापडाला हात लावला नाही. माइक घेतला.

"मी अश्वजितला हो म्हणलं होतं," त्या म्हणाल्या. "ते माझं मला हवं होतं म्हणून म्हणलं. विहार मला पाहिजे. रेणुकाताईंना आन मला जेवढं पाहिजे तेवढं हितं कुणालाच नसेल. पण हितं न्हाई."

मांडवात कुजबुज सुरू झाली. अश्वजित पुढं आला. "काकू, आता अशा वेळी..."

"साहेबांनी आपल्याला न्हाई म्हणलं," बाई बोलतच राहिल्या, वर्गात दंगा असताना बोलायच्या तशा, आवाज न चढवता. "म्हणून त्यांना दुसऱ्यांना न्हाई म्हणता आलं. आज आपण बांधलं, तर उद्या शादीखाना बांधू नका म्हणायला आपल्याला तोंड राहणार न्हाई. मंदिर बांधू नका म्हणायला राहणार न्हाई. आन ते लोक चुकीचे बी नसतील. त्यांनाबी आपल्यासारखंच पाहिजे. आज तुम्ही एवढे आलात, कुठं बसलात ते बघा. त्या सकाळी जमीन हलली तवा सगळे कुठं पळत आले, ते आठवा."

पुढचं, छज्ज्याखालचं, त्यांना सांगायचं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही.

"टाकीजवळची जागा त्यांनी सभागृहासाठी ठेवलेली हाय," त्या म्हणाल्या. "ती वादातून सोडवायला मी उद्यापासून कचेरीत येऊन बसते. मला आता घरात दुसरं काम न्हाई."

"त्याला वर्षं लागतील, काकू," अश्वजित म्हणाला. रागावला नव्हता, पण चेहरा पडला होता.

"लागू दे."

हनीफनं खांबाला टेकलेली पाठ सोडवली आणि कुणाकडं न बघता मान हलवली, नक्की कशाला ते त्यालाच ठाऊक. रेणुकाबाई उठल्या. पदरानं डोळे पुसले आणि पंचशीलाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. जेवणाची पंगत मागं मांडली जात होती, पण त्या जेवायला थांबणार नाहीत हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं.

"मी मरायच्या आत मूर्ती माझ्या खोलीतून निघंल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तूबी त्याच्यासारखीच निघालीस गं."

"हाव, ताई," पंचशीलाबाई म्हणाल्या.

रेणुकाबाई गेल्या. त्यांच्या मागं मंडळाच्या काही बायाही गेल्या. पंचशीलाबाईंना त्याचं फार दुःख झालं आणि त्या ते सोसत उभ्या राहिल्या.

धम्मदीप टेबलाजवळ होता. त्याच्या हातात निळ्या कापडाचं टोक होतं. "आई," तो हळूच म्हणाला, "आणि हा दगड?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्याला काय हवं होतं ते त्यांना कळत होतं, आणि आपण ते काढून घेतलंय हेही कळत होतं. मैदानाच्या मधोमध, लिंबाखाली विटांचा एक कट्टा होता. वरच्या विटा कधीच्या निघाल्या होत्या, माणसं तरी बसायची.

"त्या कट्ट्यावर बसवा," त्या म्हणाल्या. "पालथा. लोकांना बसायला होईल."

"पालथा म्हणजे नाव खाली जाईल."

"हाव. नाव खाली राहील."

धम्मदीपनं कापड काढून खांद्यावर टाकलं, अक्षरांवरून एकदा तळहात फिरवला आणि खाली वाकून एक कडा धरली. दुसरी कडा कोण धरतंय म्हणून तो बघत होता तेवढ्यात अश्वजित पुढं आला. दोघं दगड घेऊन निघाले.

जलदानाचं पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं असतं. जवळ झाड एकच, ते लिंबाचं. पंचशीलाबाईंनी परात दोन्ही हातांत घेतली. मंडपाची सतरंजी संपली तिथं त्या थांबल्या. पुढं माती होती आणि मातीत ती पाऊलवाट, इतकी तुडवलेली की तिच्यावर गवताचं एक पातंही नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि पाऊल टाकलं.

लिंबाच्या बुंध्याशी त्यांनी पाणी ओतलं. दोघा पोरांनी दगड कट्ट्यावर टेकवला, नाव खाली, आणि हात झटकले. परात रिकामी झाली. मागं मंडपातून कुणीतरी विचारलं, बाई, जेवायला बसताय ना. पंचशीलाबाईंनी वळून पाहिलं नाही. समोर मैदानापलीकडं त्यांचं फाटक होतं आणि फाटकावर छज्जा होता. त्या तशाच अनवाणी, रिकामी परात कमरेवर धरून, त्या वाटेनं सरळ चालत निघाल्या. फाटक लगेच आलं. मैदानातून घर एवढं जवळ आहे, हे त्यांना आज इतक्या वर्षांनी पुन्हा कळलं.